ताई टाइल्स बसवायला लागली त्याची गोष्ट

माझी ताई वीस वर्षं लिफ्टमध्ये अडकलेल्या माणसांशी बोलत होती. हे सांगितलं की लोक आधी हसतात, पण तिची नोकरीच ती होती. लिफ्ट मध्येच बंद पडली की आतल्या माणसाने लाल बटण दाबायचं, मग भिंतीतल्या जाळीतून एका बाईचा आवाज येतो, "घाबरू नका." ती बाई म्हणजे आमची ताई.

कंपनीच्या इमारतीत तळमजल्याच्याही खाली, जिथे एरवी गाड्या लावल्या असत्या, तिथे एक लांबट खोली होती. सहा टेबलं, सहा हेडफोन आणि खिडकी एकही नाही. बाहेर पाऊस आहे की ऊन हे कळायला कुणीतरी आत येऊन छत्री झटकावी लागायची. प्रत्येक टेबलावर काचेखाली एक कागद, अडकलेल्या माणसाशी काय बोलायचं त्याचा. पहिलं वाक्य, 'घाबरू नका, लिफ्टमध्ये हवा भरपूर असते.' दुसरं, 'दार हाताने उघडायला जाऊ नका.' तिसरं, 'आमचा माणूस निघालाय.' आतला माणूस सुटेपर्यंत फोन ठेवायचा नाही, हा नियम. टॉयलेटला जायचं असलं तरी शाळेतल्या पोरीसारखा हात वर करायचा आणि बदली बाई येईपर्यंत पाय आवळून बसायचं.

"आतला आणि मी सारखेच गं," ताई म्हणायची. "त्याला निदान कुणीतरी सोडवायला येणार असतं."

तिचा आवाज मात्र खास होता. रडणारी बाई तो ऐकून डोळे पुसायची. शिव्या देत सुरुवात करणारा माणूस दहा मिनिटांत स्वतःच्या जावयाची गाऱ्हाणी सांगायला लागायचा. या आवाजावरच आमचे भावोजी भाळले. ते त्याच कंपनीत तिसऱ्या मजल्यावर बसायचे. समोर मोठा फळा, फळ्यावर शहराचा नकाशा आणि मेकॅनिक कुठे आहे ते दाखवणारी लोहचुंबकाची बटणं. हजारावर लिफ्ट, आणि बटणं फक्त अकरा. ताई खालून इंटरकॉमवर विचारायची, "कोण निघालंय?" वरून भावोजी नाव सांगायचे. असं विचारता-सांगता लग्न ठरलं.

लग्नानंतर वर्षभरातच ताईला कळलं की वरून येणाऱ्या 'निघालाय'ला फारसा अर्थ नसतो. निघालेला मेकॅनिक कधी दुसऱ्याच इमारतीच्या गच्चीवर ग्रीसमध्ये कोपरापर्यंत बुडालेला असायचा, तर कधी जेवत असायचा. भावोजी काही वाईट नव्हेत. अकराचे बारा करणं त्यांच्या हातात नव्हतं, आणि 'कुणी नाही' हे शब्द त्यांच्या कागदावर नव्हते. घरी दोघं या विषयाला हात लावत नसत. जेवताना टीव्ही लावून ठेवायची सवय त्यांना तिथूनच लागली असावी.

मग एका दुपारी सव्वादोनला ताईचा फोन वाजला. नव्या बांधणीची इमारत होती, अजून कुणी राहायला आलेलं नव्हतं.

"घाबरू नका," ताईने सुरुवात केली.

"घाबरलो नाही, वैतागलोय," एक घोगरा आवाज म्हणाला. "इथे टाइल्सचे सहा खोके आहेत, सिमेंटचं एक पोतं आहे आणि मी आहे. या सगळ्यांत लघवीला जायचंय ते मला एकट्याला."

ताईला हसू आलं. कागदावर हसायची सोय नव्हती. तिने सांगितलं, माणूस निघालाय.

तो टाइल्स बसवणारा मिस्त्री होता, साठीच्या जवळ आलेला. आठव्या आणि नवव्या मजल्याच्या मध्ये लटकला होता. खोक्यावर बसून त्याने लिफ्टचीच फरशी तपासायला घेतली.

"ही कुणी बसवली हो?"

"मला नाही माहीत."

"कळलं तर सांगा, त्याचा सत्कार करतो. दाराशी बोटभर तुकडा लावलाय! दाराशी कधी तुकडा लावतात? माणूस आत येतो तेव्हा पहिली नजर तिथे. आख्खी टाइल दाराशी, तुकडे मागच्या भिंतीला."

"पण मागे किती उरेल ते आधी कसं कळणार?" ताईने विचारलं.

"मांडून बघायचं. सिमेंटला हात लावायच्या आधी सगळी फरशी कोरडी मांडायची. ज्याला घाई असते तो लावत सुटतो आणि शेवटी बोटभर तुकड्यापाशी येऊन रडतो."

ताईने पेन्सिल घेतली आणि काचेखालचा कागद काढून त्याच्या पाठीवर चौकोन आखला. हे आम्हाला तिने नंतर सांगितलं, आणि सांगताना तिला जरा लाज वाटली, जणू काही चोरलं होतं. तो सांगत गेला, ती आखत गेली. तास कसा गेला तिला कळलं नाही. वीस वर्षांत पहिल्यांदा तिने घड्याळाकडे पाहिलं नव्हतं.

पावणेचारला लिफ्टमधला दिवा गेला. मिस्त्री बोलायचा थांबला. बराच वेळ नुसता श्वास ऐकू येत होता. मग तो म्हणाला, "बाई, एक विचारतो. खरं सांगा. माणूस निघालाय का?"

ताईने त्याला थांबायला सांगून इंटरकॉम उचलला. "निघालाय का रे?"

"निघतोय," वरून भावोजी म्हणाले.

"निघतोय की निघालाय?"

"तू कागदावरचं बोल ना!"

तिने इंटरकॉम ठेवला आणि मिस्त्रीला म्हणाली, "नाही. कुणी निघालेलं नाही. दीड तास मी तुम्हाला खोटं सांगतेय. मला वरून जे सांगतात ते मी पुढे सांगते. तुमच्याकडे मोबाइल आहे का?"

"आहे की. तुम्ही निघालाय म्हणालात म्हणून कुणाला त्रास दिला नाही."

वरच्या मजल्यावर प्लंबर काम करत होता. मिस्त्रीने त्याला फोन लावला. प्लंबरने इमारतीच्या रखवालदाराला गाठलं, दोघांनी मिळून लिफ्टची मोटर हाताने फिरवली आणि अर्ध्या तासात म्हातारा बाहेर आला. लघवीचं म्हणाल तर सोबतच्या, सिमेंटचा माल कालवायच्या बादलीने लाज राखली होती. कंपनीचा मेकॅनिक त्यानंतर सव्वा तासाने पोचला.

सगळे फोन रेकॉर्ड व्हायचे. आठवड्याने मोठ्या हॉलमध्ये तीस जणांना बसवून साहेबांनी हा फोन ऐकवला, असं बोलायचं नसतं हे शिकवण्यासाठी. ताई पहिल्या रांगेत, भावोजी दुसऱ्या. इंटरकॉमवरचं बोलणंही त्यात आलं होतं. 'तू कागदावरचं बोल ना' हे वाक्य हॉलमध्ये घुमलं तेव्हा मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. ताईने मागे वळून पाहिलं नाही. भावोजी तेव्हा कसे दिसत होते, हे तिला अजूनही माहीत नाही.

तिला नोकरीवरून काढलं नाही. तिला इतर बायकांचे रेकॉर्ड केलेले फोन ऐकून चुका काढायच्या कामाला लावलं. म्हणजे आता अडकलेल्या माणसाला 'घाबरू नका' म्हणायचीही सोय उरली नाही. तो रडायचा, ओरडायचा, आणि ती मागच्या महिन्यात सुटून गेलेल्या त्या माणसाचं रडणं ऐकत कागदावर खुणा करायची. भावोजींची बढती ठरल्यात जमा होती, ती दुसऱ्याला गेली. ते ताईवर ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी बोलणंच आवरतं घेतलं. "मीठ दे." "दार लावून घे." "उशीर होईल." दोन खोल्यांचं घर, लेक शिकायला दुसऱ्या गावी, आणि ही तीन वाक्यं.

त्यातच एक दिवस मिस्त्री कंपनीच्या फाटकाशी येऊन उभा राहिला. रखवालदार आत सोडेना, तेव्हा ताई बाहेर आली.

"आवाजावरून मला वाटलं, बाई चांगल्या उंच असतील," तो तिच्याकडे खाली बघत म्हणाला. ताई जेमतेम पाच फूट. "माझ्यापायी तुमच्यावर बालंट आलं, असं तुमचा मेकॅनिक म्हणत होता. नोकरी राहिली ना?"

"राहिली ना. तेच तर."

मग ताईच म्हणाली, "तुम्ही ते कोरडं मांडून बघायचं म्हणालात ना, ते मला एकदा बघायचंय."

"रविवारी या. एकाच्या स्वयंपाकघराची भिंत आहे."

ती गेली, पुढच्या रविवारीही गेली आणि आठ महिने जात राहिली. आम्ही सगळ्यांनी याला खूळ म्हणून सोडून दिलं. बेचाळिसाव्या वर्षी कुणी भरतकाम शिकतं, कुणी गाणं, ही टाइल्समधले सांधे भरायला शिकतेय. मग एका सोमवारी तिने राजीनामा दिला आणि मला फोन करून सांगितलं. मी ताडताड बोलले. "या वयात? उकिडवं बसून? ताई, तुझं डोकं ठिकाणावर आहे का?" ती म्हणाली, "झालं बोलून? आता आईला तूच सांग."

भावोजी एवढंच म्हणाले, "तू तुझी सुटलीस."

हे वाक्य ताईच्या अंगात काट्यासारखं रुतलं. कारण ते खरं नव्हतं, आणि पहिल्या महिन्यातच तिला ते कळलं.

टाइल्सचं काम म्हणजे बहुतेक बाथरूम. चार फूट बाय सहा फूट. कटरची धूळ घरभर जाऊ नये म्हणून दार लावून घ्यायचं, नाकातोंडावर फडकं बांधायचं. उजेड म्हणजे वायरला टांगलेला एक दिवा, वारा म्हणजे वीतभर झडप. मी एकदा तिचा डबा द्यायला गेले तेव्हा दार उघडताच पांढऱ्या धुळीचा लोट अंगावर आला आणि आतून ताई, भुवयांपर्यंत पांढरी.

"तिथेही खिडकी नव्हती, इथेही नाही," मी म्हणाले. "मग मिळवलंस काय?"

"इथे संध्याकाळी काहीतरी झालेलं दिसतं," ती म्हणाली.

पण ते झालेलं तिच्या हातचं नव्हतं, हीच तर गोम होती. रविवारी हसतखेळत शिकवणारा मिस्त्री रोजच्या कामात वेगळाच निघाला. टाइलला तो तिला हात लावू देत नसे. माल कालव, खोके वर आण, टाइल्स भिजव, तो बसवून पुढे सरकला की मागून सांधे भर आणि ओल्या स्पंजने पूस. बस. "मी कधी बसवू?" असं विचारलं की, "हात तयार होऊ दे." एका घरमालकाने तिला मोलकरीण समजून हातात झाडू दिला, तर तिने आधी मुकाट्याने झाडून काढलं आणि मग माल कालवायला बसली. सिमेंटने बोटांना भेगा पडल्या. गुडघ्यांना फोमच्या चकत्या बांधूनही रात्री पाय सरळ होईनात. दीड वर्ष ती दुसऱ्याच्या टाइल्समधल्या फटी बुजवत राहिली. परत जायचं तोंड नव्हतं, पुढे जायला वाट नव्हती, आणि घरी ती तीन वाक्यं.

दुसरं वर्ष निम्मं सरलं तेव्हा एका वृद्ध जोडप्याचं बाथरूम लागलं. आजी वॉकर घेऊन चालायच्या, म्हणून जुनी निसरडी फरशी काढून खरखरीत बसवायची होती. मिस्त्री निम्म्यावर आला तेव्हा ताई मागे बादली घेऊन उभी होती. तिला काहीतरी खटकलं. बाथरूमच्या फरशीला उतार हवा तो पाणी जायच्या जाळीकडे. हा उतार चालला होता दाराकडे. आजींच्या पहिल्याच आंघोळीचं पाणी बाहेरच्या बोळात येणार आणि वॉकर घसरणार.

"मिस्त्री, उतार उलटा जातोय."

"तीस वर्षं झाली मला."

"फरशी बघा ना एकदा."

"बघतोयच की!"

तेव्हा ताईला पहिल्यांदा दिसलं की तो फरशी बघतच नव्हता. कोंबडीसारखी मान वळवत तो एकेक टाइल बघत होता, आणि कडेवरून बोट फिरवत होता. मिस्त्री तणतणत जेवायला निघून गेला.

माल अजून ओला होता. ताईने उतार तपासायची लेव्हल ठेवून पाहिली. बुडबुडा नको त्या बाजूला. मग तिने फार विचार केला नाही. थापीचं टोक घालून एकेक करत चौदा टाइल्स उपसल्या, माल खरवडला, नवा कालवला, जाळीपासून दोरी ताणली आणि मागच्या भिंतीकडून दाराकडे बसवत आली. दीड वर्ष नुसतं बघून तिचे हात जे शिकले होते, ते पाऊण तासात बाहेर पडलं. शेवटची टाइल रबरी हातोडीने ठोकताना मिस्त्री दारात येऊन उभा होता.

तो खाली बसला. तळहात सबंध फरशीवरून हळूहळू फिरवला. उठला, आपली थापी धुतली आणि पिशवी तिथेच टाकून निघून गेला. चार दिवस आला नाही. ताईने ते बाथरूम एकटीने पुरं केलं, आणि पाचव्या दिवशी पिशवी घेऊन त्याच्या घरी गेली.

तो खाटेवर बसला होता. बायको डोळ्यांत औषधाचे थेंब घालत होती.

"काचबिंदू," तो म्हणाला. "नळीतून बघितल्यासारखं दिसतं. एकेक टाइल दिसते बाई, फरशी दिसत नाही."

"मग डॉक्टर?"

"गेलं ते गेलं म्हणतात. आहे ते थेंब घालून टिकवायचं." त्याने गालावर ओघळलेला थेंब पुसला. "लोकांना कळलं तर दुसऱ्या दिवसापासून मी घरी. घरात बसून काय करू? भिंत बघू? तीसुद्धा आख्खी दिसत नाही."

मग त्याने सुचवलं की दोघांनी नेहमीसारखं जायचं, दार लावून घ्यायचं, आणि बसवायचं ताईने. नाव त्याचं. ताई म्हणते, त्या खोलीत तिला हवं ते मिळालं आणि त्याच क्षणी मागे कडी लागल्याचा आवाजही तिला आला. पण खाटेवरच्या त्या माणसाला नाही कसं म्हणणार? ती हो म्हणाली.

पुढची तीन वर्षं असं चाललं. मिस्त्री दारात पालथ्या बादलीवर बसायचा. घरमालक जवळ आला की मोठ्याने ओरडायचा, "हे काय, सांधा बघ जरा! किती वेळा सांगायचं?" आणि मालक गेला की हळूच विचारायचा, "कसाय?"

"सरळ आहे."

"मला वाटलंच."

हसू येण्यासारखंच होतं ते, आणि ताई ते आम्हाला सांगून हसवायचीही. पण लोक फरशीचं कौतुक करायचे तेव्हा ती स्पंज पिळत बाजूला उभी असायची. कुणी विचारलंच तर म्हणायची, "मिस्त्रींचं काम आहे." मी एकदा बोलून गेले, "ताई, तू परत कागदावरचंच बोलतेयस." ती महिनाभर माझ्याशी बोलली नाही. त्यावरून मला कळलं की माझा बाण कुठे लागला.

तिने मिस्त्रीजवळ दोनदा विषय काढला. पहिल्यांदा त्याने ऐकलंच नाही असं दाखवलं. दुसऱ्यांदा तो म्हणाला, "मी मेल्यावर कर तुझ्या नावाने." रागाने नव्हे, अगदी साधेपणाने. त्यानंतर ताईने विषय काढला नाही. घरी सांगावं तर भावोजी 'मग कशाला सोडलीस?' असं तोंडाने म्हणाले नसते, पण टीव्हीचा आवाज वाढवला असता.

मग एका घरी मिस्त्री पडला. पॅसेजमध्ये त्याच्याच टाइल्सचे खोके ठेवले होते. ते त्याला दिसले नाहीत. घरची पाच-सहा माणसं समोर असताना तो आडवा झाला आणि मनगट मोडलं. घरमालक त्याला उठवता उठवता म्हणाला, "अरेरे, आता काम कोण पुरं करणार?"

"तीन वर्षं करतेय तीच," मिस्त्री जमिनीवर बसूनच ओरडला. वेदनेने की रागाने, देव जाणे. "मला दिसत नाही हो! ही फरशी हिची, तुमच्या भावाकडची हिची, सगळ्या हिच्याच."

ताईला वाटलं होतं, खरं बाहेर आलं की मोकळं वाटेल. झालं भलतंच. घरमालकाने ते काम तसंच अर्धवट थांबवलं. आपल्याला फसवलं असं त्याला वाटलं, आणि ते खोटं नव्हतं. ज्या फरशीला कालपर्यंत हात फिरवून दाखवत होता, तिच्यात त्याला आता वाकडे सांधे दिसायला लागले. पुढची तीन कामं ठरलेली होती, ती तिन्ही गेली. दोन महिने ताई घरी बसून होती. नाही म्हणायला माझ्या ओट्यामागच्या चार टाइल्स तिने बदलून दिल्या.

तेव्हा एका संध्याकाळी भावोजींनी टीव्ही बंद केला आणि चौथं वाक्य बोलले. "खाली एक जागा रिकामी आहे. साहेब तुझं नाव विसरलेत असं नाही, पण घेतील."

ताई गेली. त्याच खोलीत, आता भिंतींना नवा रंग होता. सुपरवायझरने खुर्ची दाखवली, सोमवारपासून या म्हणाला. हेडफोन नीट बसतो का ते बघायला तिने तो कानाला लावला. अजून तो कशालाही जोडलेला नव्हता, तरी तिला आतून कुणीतरी श्वास घेतल्यासारखं ऐकू आलं. घरी येऊन तिने भावोजींना सांगितलं, "सोमवारपासून या म्हणाले." भावोजी म्हणाले, "बरं झालं." किती दिवसांनी त्यांच्या आवाजात ओल होती. ताई मला म्हणाली, "त्या आवाजासाठी मी गेलेही असते गं."

इकडे मिस्त्री, हात प्लॅस्टरमध्ये, घरी बसून जुन्या गिऱ्हाइकांना एकेक फोन लावत होता. आकडे दिसत नव्हते म्हणून बायको लावून देत होती. "माझी बाई आहे, तिला काम द्या," एवढंच सांगायचा. चोवीस जणांनी उडवून लावलं. पंचविसावा दातांचा डॉक्टर होता. त्याच्या दवाखान्याची फरशी फुगून वर आली होती, आणि दुसरा माणूस शोधायला त्याला फुरसत नव्हती. शनिवारी त्याने ताईला फोन केला. "काम उद्याच सुरू करता येईल?"

रविवारी सकाळी ती निघाली तेव्हा भावोजी दारात उभे होते. तिने सांगितलं. ते म्हणाले, "आणि उद्या?"

"उद्याही तिथेच. अकरा दिवसांचं काम आहे."

ते बाजूला झाले. ताई म्हणते, त्या दारातून बाहेर पडायला तिला जेवढा वेळ लागला तेवढा राजीनामा लिहायलाही लागला नव्हता.

दवाखान्यात डॉक्टर दोनदा डोकावून गेला. "मिस्त्री कधी येणार?" "मीच." "बरं बरं." तिसऱ्यांदा त्याने विचारलं नाही. बाराव्या दिवशी त्याने पेशंटना आत घेतलं आणि फरशीबद्दल एक शब्दही काढला नाही. ताईला तेच फार आवडलं. त्याच्यामुळे एका औषधाच्या दुकानाचं काम आलं, दुकानामुळे दुकानदाराच्या बहिणीचं. असं करत आता सहा वर्षं झाली. मिस्त्री वर्षापूर्वी गेला. शेवटी शेवटी त्याला काहीच दिसत नव्हतं. तरी ती काम झालं की त्याला रिक्षातून नेऊन हात फिरवायला लावायची, आणि तो हटकून एखादी तरी चूक काढायचा.

ताई पन्नाशी ओलांडून गेली आहे. डाव्या गुडघ्यात पाणी साठतं. डॉक्टर म्हणाले, खाली बसायचं काम बंद करा, तर ती म्हणाली, म्हणजे फक्त भिंती? सध्या निम्म्या फरश्या आणि निम्म्या भिंती असा तिने आपल्याशीच तह केलाय. सुट्टी घेतली की काम दुसऱ्याकडे जातं, म्हणून ती घेत नाही. मागच्या वर्षी लेकीने दोन आठवडे राहायला बोलावलं, तर ही चौथ्या दिवशी परत.

तिच्या घरचं बाथरूम तुम्ही बघितलंत तर तुमचा विश्वास बसणार नाही. फरशीतल्या पाच टाइल्सना तडे गेलेत, एक तर हलते. दाराशी पाणी साचतं. तिने चारदा विषय काढला. भावोजी अजून तिसऱ्या मजल्यावरच आहेत, आता बटणं चौदा झालीत. दरवेळी ते म्हणतात, "घरात नको ते." का नको, हे ते सांगत नाहीत आणि ती विचारत नाही. हलणाऱ्या टाइलवर त्यांनी स्वतः बाजारातून आणून रबराची चटई टाकलीय.

परवा मी गेले होते. हात धुवायला आत शिरले तर चटई भिंतीला लावून वाळत ठेवलेली, आणि फरशीवर कोपऱ्यापासून दारापर्यंत नव्या करड्या टाइल्स ओळीने मांडलेल्या. नुसत्या मांडलेल्या, कोरड्या.

"भावोजींनी बघितलं?" मी विचारलं.

"तीन दिवस त्यांवरून पाय जपून टाकत जातात," ताई ओट्यापाशी चहा गाळत म्हणाली. "उचल म्हणाले नाहीत. बसव म्हणाले नाहीत."

"मग?"

"मग काय, आहेत तशा आहेत. तू चहा घे, गार होईल."